दारू सोडण्यासाठी मिटिंग: पहिल्या फोनपासून सहाव्या खेपेपर्यंत

माझा थोरला भाऊ पहिल्यांदा मिटिंगला गेला, तेव्हा मी त्याच्या सोबत होतो. महापालिकेच्या शाळेच्या फाटकाबाहेर आम्ही वीस मिनिटे उभे होतो आणि तेवढ्या वेळात दादाने फळ्यावर लावलेली शिष्यवृत्ती परीक्षेची सूचना तीनदा तरी वाचली असेल. शेवटी शाळेचा वॉचमनच जवळ आला आणि पालकसभेची खोली सांगावी तशा सुरात म्हणाला, "मिटिंगला ना? वर, पहिला मजला, सातवी ब." ज्या शब्दाला दादा दोन वर्षे बिचकत होता, तो शब्द वॉचमनच्या तोंडून इतक्या सहज निघाला की जिना चढण्यावाचून आम्हाला गत्यंतर उरले नाही.

पत्ता मिळायला दोन फोन पुरले, जिना चढायला वीस मिनिटे लागली. मात्र दुसऱ्यांदा तोच जिना चढायला दादाला तीन आठवडे लागले. नंतर इतरांशी बोलताना कळले की बहुतेकांची गाडी नेमकी इथेच अडते. म्हणून या लेखात पत्ता कसा शोधावा हे तर सांगितलेच आहे, पण दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या खेपेसाठी काय तयारी करावी, यावर अधिक जागा खर्च केली आहे. दादाच्या संमतीने लिहीत आहे. शहराचे नाव लिहिलेले नाही, कारण त्या खोलीत तो एकटाच बसत नाही.

आधी डॉक्टर

रोज आणि भरपूर पिणाऱ्या माणसाने उद्यापासून एकदम बंद असे ठरवून थेट मिटिंगला जाणे शारीरिकदृष्ट्या धोक्याचे ठरू शकते. अनेक वर्षे दारूची सवय झालेल्या मेंदूला ती अचानक मिळेनाशी झाली की शेवटच्या पेल्यानंतर सहा ते बारा तासांत हात थरथरणे, घाम येणे, मळमळ, छातीत धडधड आणि झोप उडणे सुरू होते. काहींना पहिल्या ४८ तासांत फिट येते आणि थोड्या लोकांना दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भ्रम होतो, म्हणजे भिंतीवर किडे दिसतात, नसलेले आवाज ऐकू येतात, वेळकाळाचे भान सुटते. या शेवटच्या अवस्थेत उपचार न मिळाल्यास जीवही जाऊ शकतो. घरातली माणसे तिला कधी वेड म्हणतात, कधी बाहेरची बाधा समजून दृष्ट काढत बसतात आणि त्यात मोलाचे तास जातात.

सकाळी उठल्यावर हात स्थिर व्हावा म्हणून प्यावे लागत असेल, पूर्वी कधी बंद केल्यावर फिट आली असेल, कावीळ किंवा पोटात पाणी झाले असेल, तर मिटिंगच्या आधी मानसोपचारतज्ज्ञ किंवा निदान फिजिशियन गाठावा. जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. शरीरातली दारू उतरवण्याचा हा उपचार बहुधा आठवडाभराचा असतो. त्यात लक्षणे आवरणारी औषधे हळूहळू कमी करत नेतात आणि बी-१ जीवनसत्त्व देतात. झोपेच्या गोळ्या मेडिकलमधून आणून स्वतःच्या मनाने घेऊ नयेत आणि दारूबरोबर तर मुळीच घेऊ नयेत.

इथे एका अघोरी प्रकाराबद्दल लिहिणे भाग आहे. "न सांगता दारू सोडवा" अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतींवर आपण सर्वांनी वाचल्या आहेत आणि आमच्या आईनेही एकदा कुणाच्या सांगण्यावरून तसली पुडी आणली होती. दारूची किळस आणणारे डायसल्फिराम नावाचे औषध खरोखर आहे. ते रुग्णाला सगळे समजावून, तपासण्या करून, त्याच्या होकाराने दिले जाते. कारण ते पोटात असताना दारू प्यायल्यास रक्तदाब कोसळू शकतो आणि हृदयावर गंभीर परिणाम होऊ शकतो. ज्याला आपल्या वरणात काय मिसळले आहे हे ठाऊक नाही, तो संध्याकाळी नेहमीप्रमाणे पिणारच. पुड्यांमध्ये नेमके काय असते हे तर विकणाराही सांगत नाही. ती पुडी आम्ही संडासात ओतली.

कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल, तर केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. मन फार खचले असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

या मिटिंगा म्हणजे नक्की काय

आपल्याकडे नुसते मिटिंग म्हटले की त्याचा अर्थ बहुतेक वेळा अल्कोहोलिक्स अनॉनिमसची, म्हणजे एएची मिटिंग असा होतो. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात शेअरबाजारात काम केलेला एक गृहस्थ आणि एक शल्यविशारद, दोघेही दारूने पार खचलेले, एकमेकांना भेटले. पिण्याची ओढ असताना दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलत बसले की ती वेळ निभावून जाते, असा त्यांना अनुभव आला. एएचे सगळे काम आजही याच अनुभवावर उभे आहे. भारतात ही चळवळ १९५०च्या दशकात आली आणि १९५७ साली मुंबईत तिने मूळ धरले. भारतातल्या एएचे मध्यवर्ती सेवा कार्यालयही मुंबईतच आहे.

मिटिंगला फी नाही, फॉर्म नाही, आधारकार्ड नाही. सभासद होण्याची अट एकच आहे आणि ती म्हणजे दारू सोडण्याची इच्छा. इच्छा आहे की नाही हे तपासायलाही कोणी बसलेले नसते. तिथे डॉक्टर नसतो, समुपदेशक नसतो आणि असलाच तर तोही आपल्यासारखाच बाकावर बसलेला असतो. हॉलचे भाडे आणि चहापाणी सभासदांनी टाकलेल्या पैशांतून भागते. बाहेरच्यांकडून देणगी घ्यायची नाही अशी त्यांची परंपराच आहे. त्यामुळे कोणी एएच्या नावाखाली प्रवेश फी किंवा महिन्याचे पैसे मागू लागला, तर ते काहीतरी निराळे आहे असे खुशाल समजावे.

पुष्कळ लोक मिटिंग आणि व्यसनमुक्ती केंद्र यांत गल्लत करतात. केंद्रात दाखल व्हावे लागते, तिथे उपचार आणि समुपदेशन असते, खर्चही असतो. पुण्याचे मुक्तांगण हे मराठी वाचकांना ठाऊक असलेले केंद्र डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केले. वांद्र्याला फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली कृपा फाउंडेशन सुरू केले. अशा केंद्रांतून बाहेर पडलेल्यांसाठी पाठपुराव्याच्या बैठका असतात आणि त्याही या लेखाच्या विषयात येतात. केंद्रातून आलेल्या माणसाने पाठपुराव्याची बैठक आणि एएची मिटिंग यांपैकी एक निवडायलाच हवे असे नाही. दादा दोन्हीकडे जातो.

याचा उपयोग होतो का, हा रास्त प्रश्न आहे. २०२० साली वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ व्यक्तींची माहिती तपासली होती. ठरीव पद्धतीने एएकडे नेणारे उपचार दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत इतर मान्य उपचारांच्या तोडीस तोड किंवा काहीसे सरस ठरतात, असा त्याचा निष्कर्ष होता. पण हा उपयोग जाणाऱ्याला होतो, पत्ता खिशात ठेवणाऱ्याला नाही.

आणखी एक अडचण देवाची आहे. एएच्या बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे दारूपासून दूर राहण्यासाठी सभासदाने एकेक करून करायच्या कामाच्या टप्प्यांमध्ये, आपल्याहून मोठ्या शक्तीचा आणि आपापल्या समजुतीतल्या परमेश्वराचा उल्लेख येतो. मिटिंगच्या जागा पुष्कळदा चर्चच्या आवारात असल्याने हे ख्रिस्ती लोकांचे काम असावे असाही समज होतो. प्रत्यक्षात त्या खोलीत सर्व धर्मांचे लोक असतात आणि चक्क नास्तिकही असतात, जे त्या शक्तीच्या जागी समोर बसलेल्या गटालाच धरतात. मराठी माणसाला हे फार परके वाटू नये. पंढरीची माळ घातली आणि दारू सुटली अशी माणसे गावोगाव आहेत, आणि त्यांना विचारले तर माळेइतकेच श्रेय ते संध्याकाळच्या भजनी मंडळाला देतात, कारण सात वाजता टाळ हातात असला की पेला धरायला हात मोकळा राहत नाही. ज्यांना देवाचे नावच नको असेल, त्यांनी स्मार्ट रिकव्हरी या गटाच्या ऑनलाइन मिटिंगा पाहाव्यात. त्यांची पद्धत विचार आणि सवयी बदलण्याच्या तंत्रांवर आधारलेली आहे, मात्र त्या बहुतांशी इंग्रजीत असतात.

पत्ता शोधणे

पहिला मार्ग एएच्या हेल्पलाइनचा आहे. भारतातल्या एएच्या अधिकृत संकेतस्थळावर ती मिळते आणि मिटिंगांची यादीही मिळते. संकेतस्थळावरच्या यादीवर विसंबून थेट निघू नये, कारण शाळेच्या परीक्षा, निवडणुकीचे मतदान केंद्र किंवा गणपतीचा मंडप यांमुळे खोली बदलते आणि ते यादीत उशिरा उमटते. फोन करणे अवघड वाटते, हे मला मान्य आहे. दादाने फोन माझ्या हातात दिला होता आणि पलीकडच्या माणसाने फार मायेने सांगितले, "त्यांनाच द्या ना फोन, मीही पिणाराच आहे." दोघांचे बोलणे अर्धा तास चालले.

त्या फोनवर पुढील गोष्टी विचारून घ्याव्यात आणि लिहून ठेवाव्यात. मिटिंग कोणत्या वारी आणि किती वाजता असते. भाषा मराठी, हिंदी की इंग्रजी. इमारतीच्या कोणत्या फाटकाने जायचे आणि कोणता मजला. मिटिंग ओपन आहे की क्लोज्ड. आणि आपण येतो आहोत तर दाराशी कोणी भेटेल का. ओपन मिटिंगला नातेवाईक, विद्यार्थी, डॉक्टर, कोणीही बसू शकते; क्लोज्ड मिटिंग फक्त ज्यांना दारूचा त्रास आहे त्यांच्यासाठी असते. आम्ही गेलो ती ओपन होती म्हणून मला आत बसता आले. शेवटच्या प्रश्नाला फार महत्त्व आहे. दाराशी अमुक शर्ट घातलेला माणूस आपली वाट पाहत उभा असेल हे ठाऊक असले की फाटकावरून परत फिरण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. घराबाहेर पडणेच जमत नसेल तर दोन जुने सभासद घरी येऊन भेटू शकतात. त्यांच्या भाषेत हे बाराव्या पायरीचे, म्हणजे दुसऱ्या पिणाऱ्याला हात देण्याचे, काम आहे आणि ते केल्याने त्यांची स्वतःची दारू लांब राहते, तेव्हा आपण उपकार घेत आहोत असा संकोच बाळगू नये.

दुसरा मार्ग मानसोपचारतज्ज्ञाचा किंवा व्यसनमुक्ती केंद्राच्या समाजसेवकाचा आहे. त्यांना गावातले गट चेहऱ्यानिशी माहीत असतात आणि ते "बुधवारच्या गटात तुमच्या वयाचे लोक आहेत" अशी यादीत न मिळणारी माहिती देतात.

मुंबई आणि पुण्यासारख्या शहरांत रोज कुठे ना कुठे मिटिंग सापडते. तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून एखादी मिटिंग असली तरी नशीब, आणि लहान गावात तीही नसते. शिवाय लहान गावातली खरी अडचण वेगळीच असते, कारण तिथे अनामिक राहणार कोण? अशा वेळी वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावचा गट धरणे अनेकांना सोयीचे जाते. बाजाराच्या दिवशी मिटिंग असेल तर जाण्याला निमित्तही मिळते. गोव्यात चौकशी करताना भाषा आवर्जून विचारावी.

तिसरा मार्ग ऑनलाइन मिटिंगांचा. २०२० नंतर झूमवरच्या मिटिंगा पुष्कळ वाढल्या आणि त्यांनी जहाजावर, आखातात किंवा परदेशात नोकरी करणाऱ्यांची मोठी सोय केली, कारण इंग्रजी कितीही चांगले असले तरी बापाने मारल्याची आठवण माणूस मायबोलीतच सांगू शकतो. नाव बदलून आणि कॅमेरा बंद ठेवून बसता येते. कानाला हेडफोन लावावा, आणि घरात खोली नसेल तर गच्चीवर किंवा गाडीत बसावे. परदेशात समोरासमोरच्या मिटिंगा शोधायला एएचेच मिटिंग गाइड नावाचे अॅप आहे. मात्र माझे मत असे की जिथे पायी किंवा बसने पोहोचता येते तिथे पडद्यावर समाधान मानू नये. बंद केलेल्या कॅमेऱ्यामागे पेला भरणे फार सोपे असते.

स्त्रियांसाठी दोन शब्द स्वतंत्रपणे लिहितो. मिश्र गटांत पुरुषांची संख्या बहुधा जास्त असते आणि दारू पिणाऱ्या बाईकडे पाहण्याची आपल्या समाजाची नजर सर्वांना ठाऊक आहे. फोनवरच स्त्री सभासदाशी बोलायचे आहे असे सांगावे, स्त्रियांची वेगळी मिटिंग आहे का ते विचारावे आणि पहिल्या दिवशी मैत्रीण किंवा बहीण सोबत घ्यावी. मुक्तांगणमध्ये स्त्रियांसाठी निशिगंध हा स्वतंत्र विभाग आहे.

पहिली संध्याकाळ

दहा मिनिटे आधी पोहोचावे. मिटिंग साधारण एक ते दीड तास चालते. त्या दिवशी शक्यतो पिऊन जाऊ नये. पण प्यायलेले आहोत म्हणून न जाणे हे त्याहून वाईट. प्यायलेला माणूस गप्प बसून ऐकत असेल तर त्याला सहसा कोणी उठवत नाही. गाडी मात्र स्वतः चालवू नये.

सातवी ब मधले बाक बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या मापाचे होते आणि मोठी माणसे गुडघे पोटाशी घेऊन त्यात कशीबशी बसली होती. समोर टेबल, त्यावर एक पुस्तक आणि भिंतीवर टांगलेल्या बारा पायऱ्या व बारा परंपरा (गट कसा चालवावा याचे संकेत) यांच्या गुंडाळ्या, ज्या मिटिंग संपल्यावर काढून कपाटात ठेवतात. सुरुवातीला क्षणभर शांतता, मग प्रार्थना, मग एएची ओळख वाचून दाखवली जाते. त्यानंतर अध्यक्ष, म्हणजे त्या दिवसापुरता मिटिंग चालवणारा सभासद, एकेकाला बोलायला बोलावतो. याला ते शेअरिंग म्हणतात. बोलणारा आधी आपले नुसते पहिले नाव सांगतो आणि "मी एक मद्यपी" असे म्हणतो, सगळे त्याला नावाने नमस्कार करतात, आणि मग तो पूर्वी काय होत होते, काय घडले आणि आता कसे चालले आहे ते सांगतो.

नवीन माणसाची सर्वांत मोठी भीती हीच असते की आपल्याला बोलायला लावतील. लावत नाहीत. "आज फक्त ऐकतो" एवढे तीन शब्द पुरतात. कोणी बोलत असताना मध्ये बोलायचे नाही, सल्ला द्यायचा नाही, प्रश्न विचारायचा नाही, हा नियम नवख्याला विचित्र वाटतो, कारण आपल्या घरांत दारूविषयीचे प्रत्येक बोलणे उलटतपासणीच असते. दादाच्या शेजारी बसलेल्या रिक्षावाल्याने मुलीच्या फीचे पैसे कसे प्यायलो ते सांगितले आणि खोलीतल्या एकानेही च्च केले नाही. दादा नंतर म्हणाला की त्याला सगळ्यात जास्त धक्का या गोष्टीचा बसला.

मध्यंतरात किंवा शेवटी एक पिशवी फिरते. नव्याने पैसे टाकलेच पाहिजेत असे नाही, दहा रुपये टाकले तरी चालते. शेवटी उभे राहून हात धरून शांतीची प्रार्थना म्हणतात, ज्यात बदलता न येणारे स्वीकारण्याची शांती, बदलता येणारे बदलण्याचे धैर्य आणि दोन्हींतला फरक ओळखण्याचे शहाणपण मागितलेले असते. नको वाटल्यास नुसते उभे राहावे. त्यानंतर चहा येतो आणि पळून जाण्याची इच्छा नेमकी तेव्हा होते. तो चहा प्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. फोन नंबर चहाच्या वेळीच मिळतात आणि कमीत कमी तिघांचे नंबर घेतल्याशिवाय जिना उतरू नये. त्यातल्या एकाला दुसऱ्याच दिवशी, काही काम नसताना, फोन करून ठेवावा. एकदा साध्या वेळी फोन झाला की अडचणीच्या वेळी बोट अडखळत नाही.

दुसरी खेप

आता अवघड भाग. पहिल्या मिटिंगहून परतलेला माणूस बहुधा दोनपैकी एका मनःस्थितीत असतो. एक तर तो फार भारावलेला असतो आणि चार दिवस न पिता राहून आपण बरे झालो असे समजतो, किंवा "माझी अवस्था त्या लोकांइतकी वाईट नाही" असे म्हणतो. दादा दुसऱ्या प्रकारातला. रिक्षावाल्याने फी प्यायली, मी तर फक्त पगाराच्या दिवशी पितो, शिवाय माझी नोकरी टिकून आहे, असा त्याचा हिशेब होता. तो हिशेब तीन आठवड्यांनी एका रविवारी पहाटे सोसायटीच्या जिन्यात झोपलेल्या अवस्थेत मोडला. ऐकताना "हे माझ्यासारखे आहे" असे वाटलेली एक तरी गोष्ट घरी आल्यावर वहीत लिहून ठेवावी, वेगळेपणा शोधण्याचे काम मन आपोआप करतच असते.

न जाण्याचे दुसरे कारण अगदी साधे असते, ते म्हणजे वेळ. मिटिंग संध्याकाळी सात-साडेसातला असते आणि बहुतेकांची पिण्याची वेळही तीच. त्या वेळी माणूस दमलेला आणि भुकेला असतो आणि रस्त्यात परमिट रूम लागते. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत पाय घसरतो असे एएमधले लोक सांगतात, आणि संध्याकाळी सातला या चारही एकत्र हजर असतात. म्हणून मिटिंगच्या दिवशी साडेपाचला पोटभर खाऊन घ्यावे. दादा ऑफिसातून निघताना दोन केळी आणि खारे शेंगदाणे खातो. नेहमीच्या अड्ड्यावरून न जाणारा रस्ता ठरवावा, मग तो पाऊण किलोमीटर लांबचा का असेना. खिशात जाण्यायेण्यापुरतेच पैसे ठेवावेत आणि फोनमधले पैसे देण्याचे अॅप काही महिने बायकोच्या किंवा भावाच्या स्वाधीन करावे. पूर्वी उधारीची वही बंद केली की भागत असे, आता क्यूआर कोड हाच मोठा शत्रू आहे.

एकच वार आणि एकच गट धरून सहा वेळा जावे, मगच तो गट आपल्याला जमतो की नाही हे ठरवावे. पहिल्या दोन वेळा सगळे चेहरे सारखेच दिसतात, चौथ्यांदा कोणीतरी नावाने हाक मारते आणि सहाव्यांदा आपण आलो नाही तर कुणाच्या तरी लक्षात येते, त्यासाठी ही खटपट आहे. सहानंतरही जमत नसेल तर गट बदलावा, मिटिंग सोडू नये. काही गट फार वाचत बसतात, काहींत एकच वक्ता पाऊण तास बोलतो, आणि काहींत मात्र हशा इतका असतो की खालच्या वॉचमनला प्रश्न पडतो. शक्य असेल त्यांना जुने सभासद ९० दिवसांत ९० मिटिंगा करायला सांगतात. शहरात, आणि रात्रपाळी नसलेल्यांना ते जमते. इतरांनी आठवड्याला दोन प्रत्यक्ष आणि उरलेल्या दिवशी एक ऑनलाइन मिटिंग किंवा एक फोन असे गणित बसवावे. ज्यांची पाळी दर आठवड्याला बदलते त्यांनी महिन्याचा तक्ता आला की त्याच दिवशी त्यात मिटिंगचे वार मांडून घ्यावेत.

दुसऱ्या महिन्याच्या सुमारास स्पॉन्सर शोधावा. स्पॉन्सर म्हणजे काही वर्षे दारूपासून दूर असलेला आणि बारा पायऱ्यांचे काम केलेला सभासद, जो आपल्याला ते काम शिकवतो आणि रात्री अकराला फोन उचलतो. पुरुषाने पुरुष आणि स्त्रीने स्त्री स्पॉन्सर निवडावा, असा संकेत आहे आणि तो शहाणपणाचा आहे. जो सर्वांत छान बोलतो त्याच्यापेक्षा जो दर बुधवारी वेळेवर येतो तो बरा. विचारताना लाजू नये, "काही दिवस तुमच्याशी रोज बोललो तर चालेल का?" एवढे विचारले तरी समोरच्याला कळते. तोवर एखादे काम अंगावर घ्यावे. खुर्च्या लावणे, फलक टांगणे, चहा आणणे यांपैकी काहीही चालेल. दादाला चहाचे काम मिळाले तेव्हापासून त्याचे बुधवार चुकणे बंद झाले, कारण थर्मास त्याच्याकडे होता आणि बारा माणसे चहाची वाट पाहत बसणार हे त्याला माहीत होते.

जपायच्या गोष्टी

अनामिकता ही विश्वासावर चालते, कायद्यावर नाही. बहुतेक लोक ती कसोशीने पाळतात. तरीही पोलिसांत गेलेली किंवा कोर्टात चालू असलेली प्रकरणे भर मिटिंगमध्ये सांगू नयेत, ती स्पॉन्सरशी किंवा वकिलाशी बोलावीत. तिथे भेटलेला शेजारी रस्त्यात दिसला तर ओळख दाखवायची की नाही हे त्याच्यावर सोडावे.

मिटिंगमध्ये उसने पैसे देऊ-घेऊ नयेत, पॉलिसी किंवा प्लॉट विकणाऱ्याला तिथल्या तिथे नकार द्यावा. कोणी अंगचटीला आले, स्त्री सभासदाला नको त्या वेळी फोन येऊ लागले, तर गटाच्या सचिवाला सांगावे आणि गट बदलावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोणत्याही सभासदाने, तो कितीही वर्षांचा जुना असला तरी, "मनाच्या गोळ्या बंद कर, पायऱ्या पुरेशा आहेत" असे सांगितले तर ऐकू नये. नैराश्याचे किंवा फिटचे औषध बंद करण्याचा निर्णय डॉक्टरचा आहे.

घरच्यांसाठी

घरच्यांची स्वतंत्र मिटिंग असते, तिचे नाव अल-अॅनॉन. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी सहचरी हा गट आहे. पिणारा माणूस मिटिंगला जात नसला तरी घरच्यांनी आपल्या मिटिंगला जावे. माझ्या वहिनी दादाच्या आधी चार महिने जात होत्या आणि साहेबांना "यांना ताप आहे" असा फोन करणे त्यांनी तिथूनच बंद केले. दादाच्या दुसऱ्या खेपेमागे त्या बंद झालेल्या फोनचाही वाटा आहे.

मिटिंगहून आलेल्या माणसाला "काय झाले, कोण कोण होते, तू काय बोललास" असे विचारू नये आणि तोंडाचा वास घेऊ नये. जेवण गरम ठेवावे. त्या संध्याकाळी पाहुणे बोलावू नयेत, दळण आणायला पाठवू नये.

घसरल्यावर

पुष्कळजण घसरतात. घसरल्याच्या दुसऱ्या दिवशी मिटिंगला जाणे अवघड असते, कारण तिथे दिवस मोजतात आणि आपले सत्तर दिवस पुन्हा शून्यावर येतात. जाऊन "मी काल प्यायलो" एवढे एकच वाक्य बोलावे. फार काही होत नाही. एखादा जुना सभासद "बरे झाले आलास" म्हणतो आणि पुढच्याला बोलावतात. मात्र घसरण एका रात्रीची नसून आठ-दहा दिवसांची झाली असेल, तर पुन्हा एकदम बंद करताना सुरुवातीला लिहिलेला डॉक्टरचा टप्पा पुन्हा गाळू नये, कारण दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळचा त्रास पहिल्यापेक्षा तीव्र असू शकतो.

लग्नसराई, गावची जत्रा, ऑफिसची सहल आणि ३१ डिसेंबर या तारखा आधीच कॅलेंडरवर खुणावून ठेवाव्यात. परगावी जायचे असल्यास निघण्यापूर्वी तिथल्या गटाचा वार आणि एक फोन नंबर सचिवाकडून घ्यावा. अनेक ठिकाणी वर्षाच्या शेवटच्या रात्रीही मिटिंग असते, तिची चौकशी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच करावी. गेल्या मे महिन्यात चुलत बहिणीच्या लग्नाला आम्ही नाशिककडे गेलो होतो. हळदीच्या रात्री मांडवामागे बाटल्या उघडल्या तेव्हा दादाने मला गाडी काढायला सांगितली आणि चिठ्ठीवरच्या नंबरला फोन लावला. पलीकडच्या अनोळखी माणसाने मिटिंग उद्या आहे असे सांगितले आणि मग विचारले, "आत्ता जेवलात का?"